उतारवयाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामगारांच्या सभेत निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की साधारणपणे दोन प्रकारची भाषणे होतात. पहिले बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या प्रतिनिधीचे: विशीत बचत सुरू करा, चाळिशीत ती वाढवा, साठीनंतर जपून खर्च करा. दुसरे चळवळीतल्या वक्त्याचे: म्हातारपणाची जबाबदारी सरकारची आहे, ती सरकारने उचलली पाहिजे. पहिल्या भाषणात मजुरीचा उल्लेख नसतो आणि दुसऱ्यात पासबुकाचा नसतो. कार्यकर्त्याला दोन्हींविषयी बोलता आले पाहिजे. कारण कामगाराचे उतारवय या दोहोंच्या मधल्या फटीत सापडलेले आहे. वयाच्या एकेका टप्प्यावर ही फट कशी रुंदावत जाते, ते आकड्यांनिशी पाहणे आवश्यक आहे.

प्रारंभ विशीपासून करू. लवकर बचत करण्याचा उपदेश खोटा नाही. २०१५ साली सुरू झालेली अटल पेन्शन योजना पाहा. अठराव्या वर्षी तीत सामील होणाऱ्याने दरमहा २१० रुपये भरले तर साठीनंतर त्याला दरमहा ५,००० रुपये मिळण्याची हमी आहे. तेवढ्याच निवृत्तिवेतनासाठी चाळिसाव्या वर्षी सामील होणाऱ्याला दरमहा १,४५४ रुपये भरावे लागतात. म्हणजे बावीस वर्षांच्या उशिराची किंमत जवळजवळ सातपट! काळ आणि व्याज यांची ताकद ही अशी आहे.

परंतु त्याच हिशेबाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. महागाई दरसाल ५ टक्के धरली, तर बेचाळीस वर्षांत किमती पावणेआठ पट होतात. त्या मुलाला साठाव्या वर्षी मिळणाऱ्या ५,००० रुपयांची खरेदीशक्ती आजच्या ६४५ रुपयांएवढीच उरेल. लवकर सुरुवात करणाऱ्याला व्याज साथ देते हे खरे. पण महागाईही सर्वांत जास्त वर्षे त्याच्याच मागे लागते. बचतीची शिस्त कामगाराने पाळायची आणि रुपयाचे मोल राखण्याचे काम मात्र कोणीच करायचे नाही, असा हा व्यवहार आहे. शिवाय अठराव्या वर्षी ज्याला महिन्यातले वीस दिवसही काम मिळत नाही, त्याने दरमहा ठरल्या तारखेला २१० रुपये खात्यात ठेवायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

तिशी-चाळिशीचा काळ फंडाचा. १९५२ च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी आला. आज सामान्यतः कामगाराच्या पगारातून १२ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेनुसार मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाकडे वळतात. मात्र यासाठी पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ रोजी १५,००० रुपये ठरली. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपयेच त्या खात्यात जातात. पुढे निवृत्तिवेतन ठरते ते असे: शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. त्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते.

येथेच कंत्राटी पद्धतीचा घाव बसतो. अकरा महिन्यांनी कंत्राटदार बदलतो, खाते बदलते, आणि हाती चार पैसे यावेत म्हणून कामगार फंडाबरोबर निवृत्तिवेतनाची वर्गणीही काढून घेतो. जेवढ्या वर्षांची वर्गणी काढली, तेवढी वर्षे सेवेतून पुसली जातात. वीस वर्षे राबलेल्या माणसाच्या नावावर अखेरीस सहा वर्षांची सेवा निघते आणि निवृत्तिवेतनाचा हक्क जातो. ही उधळपट्टी नव्हे. काम सुटलेल्या माणसाला भाडे आणि किराणा भागवण्यासाठी दुसरा मार्ग नसतो. तरीही दोन गोष्टी त्याला कोणीतरी सांगितल्याच पाहिजेत. वर्गणी काढून न घेता ती नव्या खात्यात वर्ग करता येते, किंवा योजनेचे प्रमाणपत्र घेऊन जुनी सेवा राखता येते. आणि कंत्राटदाराने फंड बुडवला तर तो भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते.

आणखी एक गोष्ट विधवांपर्यंत पोहोचत नाही. सभासद नोकरीत असताना मरण पावला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला निवृत्तिवेतन मिळू शकते. तेथे दहा वर्षांची अट नाही. किती घरांत हा अर्ज केवळ अज्ञानामुळे राहून गेला असेल!

ज्याला एक मालकच नाही, त्याचे काय, असे विचारले जाते. त्याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायद्याने दिलेले आहे. हमाल सकाळी एका गाळ्यावर तर दुपारी दुसऱ्या गाळ्यावर ओझे वाहतो. त्याच्या मजुरीवर मालकांकडून ठरावीक लेव्ही घ्यायची, ती मंडळाकडे जमा करायची आणि मंडळाने त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजा यांची सोय करायची, ही त्या कायद्याची रचना. पाठीवर ओझे वाहणाऱ्या अशिक्षित माणसालाही निवृत्तीच्या वेळी हक्काची रक्कम देता येते, हे या मंडळांनी दाखवून दिले. असंघटितांसाठी काही करणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण ऐकवावे.

पन्नाशी ओलांडली की मोह आणि गरज दोन्ही एकदम येतात. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, मुलाचे शिक्षण यांसाठी मुदतपूर्व निवृत्तिवेतन घ्यावेसे वाटते. पन्नासाव्या वर्षापासून ते घेता येते. पण अठ्ठावन्नच्या आधीच्या दर वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते. याउलट अठ्ठावन्नला न घेता साठपर्यंत थांबले तर दर वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते. ज्याच्या अंगात काम करण्याची ताकद आहे आणि हाताला काम आहे, त्याने थांबावे. ज्याची कंबर खचली आहे त्याला थांबण्याचा सल्ला देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता साठीचा हिशेब. पगाराची मर्यादा १५,००० धरली तर दहा वर्षांच्या सेवेवर निवृत्तिवेतन येते २,१४३ रुपये. पस्तीस वर्षांची सेवा धरली तर ७,५०० रुपये. किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. या रकमेला महागाई भत्ता जोडलेला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी जो आकडा ठरला, तोच अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही राहतो. डाळ, तेल आणि रक्तदाबाची गोळी यांचे भाव मात्र त्या वर्षी थांबत नाहीत.

सरकारला हे कळत नाही असे मुळीच नाही. केंद्र सरकारच्या ज्या निवृत्तांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन आहे, त्यांना महागाई भत्ता मिळतो. शिवाय वय वाढेल तसा औषधपाण्याचा आणि परावलंबनाचा खर्च वाढतो हे मान्य करून त्यांना ऐंशीव्या वर्षी २० टक्के, पंच्याऐंशीव्या वर्षी ३०, नव्वदाव्या वर्षी ४०, पंच्याण्णवाव्या वर्षी ५० आणि शंभराव्या वर्षी १०० टक्के जादा निवृत्तिवेतन दिले जाते. ही तरतूद न्याय्य आणि शहाणपणाची आहे. म्हातारपणाचे गणित सरकारला पक्के येते, याचा हा पुरावा आहे.

तेच सरकार दारिद्र्यरेषेखालील वृद्धाला काय देते? १९९५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. तो २००६ पासून २०० रुपये झाला आणि साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसासाठी तेथेच थांबला. ऐंशी ओलांडल्यावर तो ५०० होतो. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेखाली राज्याचा वाटा मिळून पासष्टीपुढच्या निराधाराला १,५०० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ते १,००० होते. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. ऐंशी वर्षांच्या निवृत्त अधिकाऱ्याचे गुडघे दुखतात हे सरकारला समजते, ऐंशी वर्षांच्या शेतमजूर बाईचे दुखणे मात्र समजत नाही. हे दुहेरी मोजमाप हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

म्हणून सरकारी कर्मचाऱ्यांचा हेवा करणे ही चूक ठरेल. केंद्राने २००४ पासून आणि महाराष्ट्राने नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरदारांचे निवृत्तिवेतन बाजाराच्या चढउतारावर सोडले. त्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील लाखो कर्मचारी संपावर गेले. अन्य राज्यांतूनही आवाज उठला. अखेर केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून नवी एकीकृत योजना आणली आणि पंचवीस वर्षे सेवा करणाऱ्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी दिली. या योजनेत उणिवा आहेत. तरीही हमी शक्य नाही असे वीस वर्षे सांगणाऱ्यांना ती द्यावी लागली, हे विसरता कामा नये. संघटित माणसाने मिळवलेली हमी असंघटिताकडून हिरावलेली नसते. ती त्याच्यासाठी मोजपट्टी असते.

बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने हीच मोजपट्टी सर्वांना लावली. प्रत्येक वृद्ध श्रमिकाला किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळावे आणि ते महागाईशी जोडलेले असावे, ही तिची मागणी. आयुष्यभर रस्ते, घरे, धान्य आणि कापड निर्माण करणाऱ्याने देशाच्या संपत्तीत वर्गणी भरलेलीच असते, हा तिच्यामागचा विचार आहे. पावती नाही म्हणून ती वर्गणी खोटी ठरत नाही.

ही मागणी सभेत मंजूर करून भागणार नाही. प्रत्येक शाखेने आठवड्यातला एक दिवस हिशेबाचा दिवस ठरवावा. कंत्राटी कामगारांची फंडाची खाती तपासावीत. जुनी सेवा जोडून घ्यावी. वारसाची नोंद आहे की नाही ते पाहावे. ज्यांच्या बोटांचे ठसे कष्टाने झिजून यंत्रावर उमटत नाहीत, अशा वृद्धांचे हयातीचे दाखले सोबत जाऊन मिळवून द्यावेत. विधवांचे अर्ज भरावेत. हे काम किरकोळ वाटेल. पण ज्याच्या पासबुकातले साडेतीनशे रुपये सोडवून दिले, तोच माणूस उद्या सार्वत्रिक निवृत्तिवेतनाच्या मोर्चात पहिल्या रांगेत चालेल. ज्याने आपला हिशेब एकदा वाचला, त्याला सरकारचा हिशेबही वाचता येतो.