चिपाडातील अग्नी आणि वासराचा वाटा



साखर कारखाना केवळ साखर करतो, ही समजूत अपुरी आहे. एक टन उसातून साधारण १०० ते १२० किलो साखर निघते. रस काढल्यावर उरलेले चिपाड, म्हणजे बगॅस, मात्र २८० ते ३०० किलो भरते. मळी आणि प्रेसमड वेगळेच.

१९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा प्रश्न साखरेचा होता. चिपाडाला गिऱ्हाईक नव्हते, साठवायला जागा नव्हती. त्यामुळे कमी दाबाच्या बॉयलरमध्ये ते जाळून संपविण्याची रीत या उद्योगात रुजली. इंधन वाचविणारा बॉयलर तेव्हा अडचणच ठरला असता! आता दर चौरस सेंटिमीटरला २१ किलोऐवजी ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाची वाफ तयार करतात. ती प्रथम टर्बाइन फिरविते आणि मग तीच वाफ रस आटविते. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज ग्रिडला मिळते.

मळीचे प्रकरण इतके सरळ नाही. तिच्यापासून इथेनॉल होते. २००३ मध्ये ५ टक्क्यांनी आरंभलेले पेट्रोलमधील मिश्रण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. आयात तेलाला हा स्वदेशी पर्याय खराच; परंतु मळीपासूनच्या लिटरभर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर काळेकुट्ट सांडपाणी, स्पेंटवॉश, बाहेर पडते. ते ओढ्यात सुटले की मासे मरतात, विहिरी नासतात. स्वदेशीच्या घोषणेने ते पाणी शुद्ध होत नाही. त्याच पाण्यातून आधी बायोगॅस काढावा, उरलेले प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करावे, ही वाट उपलब्ध आहे. खर्च करण्याची तयारी हवी.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या एकात्म मानवदर्शनात प्रकृतीच्या शोषणाऐवजी दोहनाचा विचार आहे. दोहन करणारा वासराचा वाटा राखतो. येथे तो वाटा ऊस पिकविणाऱ्याचा. एफआरपी ठरते साखर-उताऱ्यावर. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर, चिपाड, मळी व प्रेसमड यांच्या मिळून उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला सुचविला. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदर विनियमनाचा कायदा केला. मात्र खरी मेख हिशेबात आहे. कारखान्याने आपल्याच वीजप्रकल्पाला चिपाड आणि आपल्याच आसवनीला मळी कोणत्या दराने दिली? वार्षिक सभेत हा प्रश्न विचारणारे सभासद फार थोडे असतात. अहवाल हाती पडताच पहिल्यांदा तेच पान उघडावे.