पोटापाण्याचं काय?

मोठा माणूस व्हिडिओ गेममध्ये रंगलेला दिसला की घरातलं कुणीतरी विचारतंच, "अहो, पण हे करतात काय पोटापाण्यासाठी?" निन्टेंडोच्या १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळातले विक्रमवीर पाहू. स्टीव्ह वीबी वॉशिंग्टन राज्यात शाळेत विज्ञान शिकवणारे. मशीन घरच्या गॅरेजमध्ये. २००७ च्या ‘द किंग ऑफ काँग’ या माहितीपटात खेळ ऐन रंगात असताना त्यांचा मुलगा मदतीसाठी हाका मारतो आणि बाबा काही जॉयस्टिक सोडत नाहीत! त्यांचे प्रतिस्पर्धी बिली मिचेल फ्लोरिडात रेस्टॉरंट चालवायचे, तिखट सॉस विकायचे. पुढे विक्रम मोडणारे हँक चिएन तर न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन. हात स्थिर असणार, यात नवल ते काय!

गंमत म्हणजे हा खेळ संपवताच येत नाही. बाविसाव्या पातळीवर वेळेचा हिशोब २६० वर जातो. यंत्राच्या त्या खान्यात मात्र २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, हाती उरतात चार. काही सेकंदांत खेळाडू आडवा. म्हणून स्पर्धा कसली, तर तिथवर पोचेपर्यंत गुण किती साठवले याची.

आणि पिंपांवरून उड्या मारणारा तो मिशीवाला नायक? तोही नोकरदारच. या खेळात सुतार, पुढे १९८३ पासून प्लंबर. नाव अर्थातच मारिओ.