पेटी आणि घर
कारखान्यात घडणाऱ्या कायमस्वरूपी इमारतींविषयी उरण येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर



उरणच्या माणसाला लोखंडी पेटीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले आणि तेव्हापासून वीस फुटी व चाळीस फुटी कंटेनर हे येथील दृश्याचाच एक भाग होऊन बसले. जेथे मिठागरे पांढरी दिसत होती, तेथे आज रंगीत पेट्यांच्या भिंती उभ्या आहेत. सेवेतून निवृत्त झालेल्या पेटीला दार-खिडकी पाडून, पंखा लावून तिचे कार्यालय, चौकी किंवा उपाहारगृह केलेलेही येथे जागोजागी आढळते. त्यामुळे ‘कारखान्यात तयार होऊन जागेवर आणून बसवलेली इमारत’ असे शब्द कानी पडले की उरणकरांच्या डोळ्यांसमोर प्रथम येते ती हीच पत्र्याची खोली. उन्हाळ्यात तापणारी, पावसात वाजणारी आणि केव्हाही उचलून नेता येणारी!

नेमका हाच गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कारण या पद्धतीने शाळा, रुग्णालये, कार्यालये आणि बहुमजली निवासी इमारती आता जगभर उभ्या राहत आहेत, आणि त्या तात्पुरत्या नाहीत. पन्नास-साठ वर्षे टिकाव्यात याच हिशेबाने त्यांची आखणी होते. उचलून नेण्याजोगी खोली वेगळी आणि कारखान्यात घडवून पायावर कायमची जोडलेली इमारत वेगळी. या दोहोंतील भेद समाजाला कळला नाही, तर तात्पुरते देऊन कायमचे दिल्याचा आव आणणाऱ्यांचे फावते. आणि खरोखर चांगली वस्तू समोर आली तरी लोक तिला नाके मुरडतात.

परंपरा जुनीच

वस्तू एका ठिकाणी घडवायची आणि वास्तू दुसऱ्या ठिकाणी उभारायची, ही कल्पना या भूमीला नवी नाही. कोकणातील घराचा जांभा दगड खाणीवरच ठरावीक मापाच्या चिऱ्यांत कापला जातो. अंगणात येतो तो तयार चिरा. हेमाडपंती मंदिरांचे दगड एकमेकांत बसतील असे घडवून, चुन्याशिवाय रचले गेले. ज्याला मंगळुरी कौल म्हणतात, ते १८६५ पासून मंगळूरच्या कारखान्यात भाजले जाऊ लागले आणि गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावरच्या घराघरांवर चढले. माप एक, साचा एक आणि घरे हजारो, हे सूत्र तेव्हाही होतेच.

मुंबईत तर याचा भव्य नमुना आजही उभा आहे. काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेल, म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन, हिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला, जहाजाने मुंबईस आला आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच वास्तूत झाला. दीडशे वर्षे झाली, सांगाडा उभा आहे. मात्र निगा न राखल्यामुळे वास्तूची दुर्दशा झाली आणि २००५ मध्ये तिच्या दर्शनी भागातील सज्जा कोसळला. घटक बाहेर घडले म्हणून वास्तू अल्पायुषी ठरत नाही. तिला अल्पायुषी करते ती हेळसांड. हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तीन पायऱ्या

या पद्धतीच्या तीन पायऱ्या सांगता येतील. पहिली सुट्या घटकांची : खांब, तुळया, जिने, स्लॅबचे तुकडे कारखान्यात ओतायचे आणि जागेवर जोडायचे. दुसरी पॅनेलची : संपूर्ण भिंत, तिच्यातील खिडकीच्या चौकटीसह आणि विजेच्या नळ्यांसह, सपाट फळीप्रमाणे तयार करायची. तिसरी आणि सर्वांत पुढची पायरी म्हणजे अख्खी खोलीच घनाकार स्वरूपात घडवायची. लादी, नळ, दिवे बसवून ती ट्रेलरवरून आणायची आणि क्रेनने एकावर एक ठेवून जोडायची.

वेळ वाचतो तो दोन कारणांनी. इकडे जागेवर पाया खोदला जात असतानाच तिकडे छताखाली खोल्या तयार होत असतात. दोन कामे एकापाठोपाठ एक न होता एकाच वेळी चालतात. आणि कोकणच्या पावसाळ्यात जे चार महिने बांधकाम मंदावते, ते कारखान्यात मंदावत नाही. शिवाय काँक्रीटचे प्रमाण, सळईवरचे आच्छादन, पाणी मारण्याचा काळ यांवर कारखान्यात जे नियंत्रण राहते, ते उघड्या जागेवर राखणे कठीण असते.

याचा प्रत्यय घ्यायला दूर जाण्याची आवश्यकता नाही. उरणच्या लोहमार्गावर बामणडोंगरी स्थानक आहे. तेथे सिडकोच्या गृहनिर्माण योजनेत लार्सन अँड टुब्रोने २०२२ मध्ये ९६ सदनिकांची बारा मजली इमारत ९६ दिवसांत उभी केली. तिचे घटक पूर्वनिर्मित होते. १२ जानेवारी २०२४ रोजी ज्याचे उद्घाटन झाले, तो अटल सेतू पाहा. एकूण लांबी २१.८ किलोमीटर, त्यातील सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर. त्याचे काँक्रीटचे गाळे किनाऱ्यावरच्या आवारांत तुकड्या-तुकड्यांनी ओतले गेले आणि पोलादी गाळ्यांचे भाग परदेशातील कारखान्यांतूनही आले. जो पूल उरण तालुक्यात उतरतो, तो मोठ्या प्रमाणावर अन्यत्र घडून येथे जोडला गेला आहे.

अख्ख्या खोलीचे तंत्रही देशात आले आहे. १ जानेवारी २०२१ रोजी केंद्र सरकारच्या ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांची पायाभरणी सहा शहरांत झाली. त्यांपैकी रांचीत १,००८ घरांसाठी घनाकार काँक्रीट खोल्यांचे तंत्र निवडले गेले, तर चेन्नईत १,१५२ घरांसाठी पूर्वनिर्मित घटकांचे. उद्दिष्ट बारा महिन्यांचे होते. चेन्नईचा प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण झाला. रांचीला मात्र २०२४ उजाडले. तंत्र वेगवान असले म्हणजे प्रकल्प वेगवान होतोच असे नाही, हेही यातून दिसते.

दरडीखालचा प्रश्न

आता विषयाच्या गाभ्याकडे यावयाचे. रायगड जिल्ह्याने अलीकडच्या काळात दोन मोठे आघात सोसले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली. दोन्ही ठिकाणी वाचलेल्यांना निवारा मिळाला तो कंटेनरचा. त्या क्षणी तो योग्यच होता. डोक्यावर छप्पर तर मिळाले. परंतु इर्शाळवाडीचे आपद्ग्रस्त वर्ष उलटून गेले तरी चौक येथील कंटेनरमध्येच होते. निवारा आणि घर यांतील अंतर पत्र्याच्या पेटीत वैशाखाचे ऊन सोसणाऱ्या माउलीला विचारावे. कोणत्याही अहवालापेक्षा ती ते अधिक नेमके सांगेल.

येथे प्रश्न असा उभा राहतो : ज्या देशात ९६ दिवसांत ९६ सदनिका उभ्या राहतात, तेथे चाळीस-पन्नास कुटुंबांच्या पाड्याला पक्के घर मिळण्यास इतका काळ का लागावा? उत्तर स्पष्ट आहे. जमीन, रस्ता, पाणी आणि मंजुरी या गोष्टी कोणत्याही कारखान्यात तयार होत नाहीत. तळीयेची घरे म्हाडाने पूर्वनिर्मित पद्धतीने उभारावीत असे ठरले, तरीही पुनर्वसनाला वर्षे लागली. जे तंत्र बांधकामाचा काळ निम्म्यावर आणते, ते फाइलीचा काळ एका दिवसानेही कमी करीत नाही. उरणमध्ये शंभर खाटांच्या रुग्णालयाची मागणी किती जुनी आहे, हे या सभागृहातील ज्येष्ठांना सांगावयास नको. अशा मागण्या रखडतात त्या गवंडी मिळत नाही म्हणून नव्हे.

म्हणूनच या तंत्राचा खरा उपयोग करावयाचा तर आपत्तीच्या आधीच करावा लागेल. शाळेच्या वर्गाचा, आरोग्य उपकेंद्राचा, अंगणवाडीचा आणि पुनर्वसनाच्या घराचा आराखडा प्रमाणित करून ठेवावा. धोक्याच्या गावांसाठी सुरक्षित जागा आधी निश्चित कराव्यात. साचे तयार असावेत. मग दरड कोसळल्यावर कंटेनर मागवण्याऐवजी घरेच मागवता येतील.

सावधगिरी

या पद्धतीचे गुणगान करताना तिचे दोष झाकणे हा प्रामाणिकपणा नव्हे. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एक भिंत निसटली आणि तिच्या आधारावरचा इमारतीचा संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चौघांचा बळी गेला. पॅनेल मजबूत होते, पण सांधे दुबळे होते. पूर्वनिर्मित इमारतीचा प्राण सांध्यात असतो. या घटनेनंतर जगभरचे नियम बदलले. भारतातही पूर्वनिर्मित काँक्रीटच्या इमारतींसाठी आयएस १५९१६ ही संहिता आहे.

स्वतंत्र भारताचा पहिला प्रयोगही बोलका आहे. फाळणीनंतर निर्वासितांसाठी घरे हवीत म्हणून दिल्लीत सरकारी गृहनिर्मिती कारखाना काढण्यात आला. विलायती तंत्राने हलक्या काँक्रीटची पॅनेल तयार झाली. परंतु ती तडकू लागली, घरे अपेक्षेपेक्षा महाग पडली आणि मूळ योजना फसली. पुढे तोच कारखाना सावरला आणि ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ या नावाने ओळखला गेला. परक्या हवामानासाठी बेतलेले तंत्र येथे तसेच्या तसे उतरवले की काय होते, हे त्यातून शिकता येते. उरणची हवा खारी आहे, पाऊस तिरपा आणि मुसळधार आहे. येथे पोलादाला गंजरोधक लेप हवा, सळईवर पुरेसे आच्छादन हवे आणि प्रत्येक सांधा पाणी अडवणारा हवा. यात तडजोड झाली, तर पाचव्या पावसाळ्यात भिंती ओल धरतील.

मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. अशा इमारतीत सदनिका घेताना चार प्रश्न अवश्य विचारावेत. कोणत्या भिंती भार वाहतात? सांध्यांच्या गळतीची जबाबदारी कोणाची आणि किती वर्षे? विजेच्या व पाण्याच्या नळ्या भिंतीत कोठून गेल्या आहेत, त्याचे नकाशे संस्थेला मिळणार का? आणि दुरुस्तीची पद्धत लेखी स्वरूपात दिली आहे का? स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी भिंत पाडण्याची जी सवय आहे, ती येथे घातक ठरते. कारण पॅनेलच्या इमारतीत भिंत हाच खांब असतो. एका घरातील हौस साऱ्या इमारतीच्या मुळावर येऊ शकते.

भूमिपुत्रांचा वाटा

शेवटचा मुद्दा उरणच्या जिव्हाळ्याचा. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या बलिदानातून आले. ज्यांच्या जमिनीवर हे शहर आणि हे बंदर उभे आहे, त्यांच्या मुलांना नव्या बांधकाम पद्धतीत स्थान कोणते?

घर कारखान्यात घडू लागले की जागेवरचा गवंडी, बिगारी यांचे काम कमी होते, हे खरे. पण वेल्डर, फिटर, साचेकाम करणारा, क्रेनचालक, सांधे भरणारा कारागीर यांची गरज वाढते, आणि हे काम उन्हापावसात नव्हे तर छताखाली, बाराही महिने चालते. उरणच्या तरुणांनी क्रेन आणि ट्रेलर लहानपणापासून पाहिले आहेत. पेटीवर पेटी मिलिमीटरच्या हिशेबाने बसवणारे हात याच गावांत आहेत. त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या कामाचे रीतसर शिक्षण मिळाले पाहिजे आणि प्रकल्पांच्या निविदांतच स्थानिक प्रशिक्षणाची अट असली पाहिजे. ती मागणी आजच झाली पाहिजे. कारखाना अन्यत्र, कामगार अन्यत्रचे आणि उरणच्या वाट्याला फक्त ट्रेलरची धूळ, अशी वाटणी एकदा रूढ झाली की ती मोडणे कठीण जाते.

पेटीने उरणचा चेहरा बदलला, तेव्हा उरणला कोणी विचारले नव्हते. आता पेटीचे घर होऊ पाहत आहे. या वेळी प्रश्न विचारण्याची संधी हाताशी आहे : घर कोणासाठी, कोणाच्या हातचे आणि किती पिढ्या टिकणारे? या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे घेऊन जे उभे राहील, त्याचे स्वागत करावे. आणि ज्याची उत्तरे मिळणार नाहीत, त्याला कितीही चकचकीत रंग दिलेला असला, तरी ती पेटीच समजावी.