तेरा जुड्यांची बॅटरी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या. स्वतःच्या कामाबद्दल बोल, आणि कुणाला झोप येणार नाही असं बोल. आत्ताच बासुंदी झाली आहे, त्यामुळे दुसऱ्या अटीची जबाबदारी मी घेत नाही.

मी बॅटरीच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. आपल्या बॅचच्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांनंतर सगळ्यात जास्त काय येत असेल तर इलेक्ट्रिक स्कूटरच्या तक्रारी. त्यातली एक तक्रार नेहमीची: काट्यावर तीस टक्के दिसतात, यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की गाडी एकदम गप्प होते, आणि पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते. आपल्यातला एकजण मालाची तीनचाकी चालवतो. त्याला दुरुस्तीवाल्याने सांगितलंय, "बॅटरी बॅलन्स करून देतो, नव्यासारखी होईल." पैसे द्यावेत का, असं त्याने मला विचारलं. त्याचा धंदा त्या बॅटरीवर आहे, म्हणून त्याचं उत्तर आज सगळ्यांसमोर देते.

दहावीच्या विज्ञानातली एकसर जोडणी आणि समांतर जोडणी आठवतेय ना? आठवत नसेल तरी सरांकडे बघून मान हलवा. ४८ व्होल्टचा एक साधा पॅक घ्या. आत १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे लिथियम-आयन सेल असतात. आठ सेल समांतर जोडले की एक जुडी होते. अशा तेरा जुड्या एकसर जोडल्या की प्रत्येकीचे साधारण ३.७ व्होल्ट मिळून ४८ होतात. म्हणजे एकूण १०४ सेल.

जुडीच्या आत भांडण नसतं. तळाशी नळीने जोडलेल्या टाक्यांसारखं, पाणी आपोआप एका पातळीला येतं. खरी कटकट जुडी आणि जुडी यांच्यात असते. तेरा हंडे ओळीने मांडलेत असं समजा. नियम असा, की पाणी काढायचं तर प्रत्येक हंड्यातून एकाच वेळी एकेक तांब्या काढायचा. भरतानाही तसंच, प्रत्येकात एकेक तांब्या. एकही हंडा उतू जाता कामा नये आणि एकही कोरडा पडता कामा नये. आता एका हंड्यात सुरुवातीलाच दोन तांबे कमी असतील, तर बारा हंड्यांत पाणी असूनही तुम्हाला थांबावं लागतं. भरताना उलटं होतं. बारा काठोकाठ भरतात आणि तो एक अपुरा राहतो, तरी नळ बंद करावा लागतो.

सेलचा काठ म्हणजे ४.२ व्होल्ट, आणि तळ म्हणजे साधारण ३ ते २.५ व्होल्टच्या दरम्यान. या मर्यादा बीएमएस नावाचं सर्किट राखतं. घाटात मोटर जास्त करंट मागते, तेव्हा प्रत्येक जुडीचं व्होल्टेज थोडं दबतं आणि अशक्त जुडीचं सगळ्यात जास्त दबतं. ती तळाला टेकली की बीएमएस पुरवठा तोडतं. करंट थांबला की व्होल्टेज परत वर येतं आणि गाडी सुरू होते. तीस टक्के हा सगळ्या पॅकचा अंदाज असतो, त्या एकीचा नाही.

जुड्या असमान का होतात? सेल कारखान्यातून अगदी जुळे येत नाहीत. पॅकच्या मधल्या जुड्या कडेच्यांपेक्षा जास्त तापतात आणि लवकर म्हाताऱ्या होतात. शिवाय प्रत्येक सेल नुसता पडून असतानाही थोडा थोडा रिकामा होत असतो, आणि तो वेग प्रत्येकाचा वेगळा.

बहुतेक स्वस्त पॅकमध्ये यावर एकच उपाय असतो. काठाशी आलेल्या जुडीला एक रेझिस्टर जोडून तिच्यातली जादा वीज उष्णता म्हणून घालवायची, म्हणजे भरलेल्या हंड्यांना बारीक भोकं पाडून मागच्याची वाट बघायची. उधळपट्टी वाटते, पण सर्किट स्वस्त आणि भरवशाचं असतं. अडचण वेगाची आहे. आपल्या जुडीची क्षमता २० अँपिअर-तास धरा. एक जुडी दहा टक्के मागे आहे, म्हणजे २ अँपिअर-तास. गळतीचा करंट ५० मिलिअँपिअर असेल तर ४० तास लागतात. हे काम चार्जिंगच्या अगदी शेवटी होतं. रोज अर्धा तास मिळाला तर ऐंशी दिवस! करंट का वाढवत नाहीत? १ अँपिअर केला तर प्रत्येक जुडीमागे ४.२ वॅट, बारा जुड्यांचे मिळून ५० वॅट. बंद डब्यात, ज्याला आपण थंड ठेवायला धडपडतो, त्यात शेगडी पेटवल्यासारखं होईल. जादा वीज अशक्त जुडीकडे सरकवणारी सर्किटंही असतात, पण ती महाग पडतात.

म्हणून 'ऐंशी टक्क्यांवरच चार्जिंग थांबवा' हा सल्ला मला अर्धाच पटतो. सेलच्या आयुष्याला तो चांगला आहे, पण पॅक कधीच काठापर्यंत गेला नाही तर बॅलन्सिंगला संधीच मिळत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत अधूनमधून पूर्ण चार्ज करून गाडी तशीच जोडून ठेवायला सांगितलं असेल, तर ते ऐका.

आता मित्राचा प्रश्न. असमानता दोन प्रकारची असते आणि दुरुस्तीवाले बऱ्याचदा दोन्हींना एकच नाव देतात. पहिल्या प्रकारात हंडा तेवढाच मोठा असतो, पाणी कमी असतं. हे बॅलन्सिंगने बरं होतं. दुसऱ्या प्रकारात हंडाच लहान झालेला असतो, कारण जुडीतले सेल म्हातारे झालेत किंवा आठातला एक मेला आहे आणि सात जण त्याचा भार ओढताहेत. बीएमएसला तेरा व्होल्टेज दिसतात, १०४ नाही, त्यामुळे मेलेला सेल थेट कळत नाही. अशा जुडीला कितीही बॅलन्स करा, रिकामी तीच आधी होणार.

ओळखायचं कसं? तेराही जुड्यांचं व्होल्टेज दोनदा बघायला सांग: पूर्ण चार्जनंतर तासभर थांबून एकदा, आणि बॅटरी बरीच उतरल्यावर, पुन्हा तासभर थांबून एकदा. एखादी जुडी दोन्ही वेळी मागे असेल तर बहुधा पाणीच कमी आहे. भरल्यावर सगळ्यांच्या बरोबरीला आणि उतरल्यावर एकदम खाली असेल तर हंडा लहान झालाय. गाडी चालत असताना घेतलेले आकडे यासाठी कामाचे नाहीत. हे एनएमसी सेलचं झालं. एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात इतकं सपाट असतं की चाळीस आणि साठ टक्के जवळपास सारखेच दिसतात. तिथे फक्त दोन टोकांचे आकडे बोलतात.

तिसरी शक्यता मला जास्त काळजीची वाटते. बॅलन्स करून सगळं समान झालं, गाडी चार दिवस उभी राहिली आणि तीच जुडी पुन्हा खाली आली, तर आत कुठेतरी वीज गळतेय. तो बारीक शॉर्ट असू शकतो. इथे पुन्हा पुन्हा बॅलन्स करणं म्हणजे ताप उतरवायची गोळी देत राहणं. म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या जुडीला किती वेळ बॅलन्सिंग लागलं याची नोंद ठेवावी असा माझा हट्ट असतो. एका जुडीसाठी तो आकडा महिन्यागणिक वाढत असेल तर ती सेवा केंद्रात गेली पाहिजे. सहकारी म्हणतात मेमरी कमी आहे. तेरा आकडे ठेवायला कितीशी मेमरी लागते?

काही दुकानांत अशक्त जुडी वेगळ्या चार्जरने वर आणतात. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे साचतं. असा सेल टेबलावर ४.२ व्होल्ट दाखवेल आणि रात्री घरात पेट घेऊ शकेल. एकच जुडी बदलून नवीन सेल घालणं तत्त्वतः चालतं, पण क्षमता आणि आतला रोध जुळवून, आणि जोडण्याआधी व्होल्टेज समान करून. हे मोजायची साधनं त्या दुकानात आहेत का, ते आधी बघ. बीएमएस 'सारखं तोडतं' म्हणून कुणी ते काढून थेट जोडून देत असेल, तर तिथून बॅटरी घेऊन परत ये.

२०२२ मध्ये देशात स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर बॅटरीसुरक्षेचं एआयएस १५६ हे मानक कडक झालं. ते नव्या गाड्यांना लागू आहे. तीन वर्षं वापरून गल्लीत उघडलेल्या पॅकला कोण तपासतं? सध्या तरी मालकच.

तर मित्रा, पैसे आत्ताच देऊ नकोस. आधी ते दोन वेळचे तेरा-तेरा आकडे कागदावर लिहून घे आणि फोटो मला पाठव. ग्रुपवर नको, तिथे फुलांत हरवेल.