कायदा घरोघरी वाचला गेला पाहिजे

(विधिसाक्षरता वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहा रविवार चाललेला हा वर्ग आज संपत आहे. समारोपाच्या भाषणात वक्त्याने श्रोत्यांची स्तुती करावी आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असा प्रघात पडला आहे. मी तो आज मोडणार आहे. आमच्या संस्थेने या कामात जी चूक केली, तिचा हिशेब मी आपणांपुढे प्रथम ठेवितो. कारण त्या चुकीतूनच हा वर्ग जन्मास आला.

आमची संस्था म्हणजे काही वकील आणि कायद्याचे विद्यार्थी यांनी चालविलेला एक लहानसा धर्मादाय न्यास होय. गरिबांचे दावे विनामूल्य चालवावेत आणि लोकांस कायदा समजावून द्यावा, हे तिचे दोन उद्देश. पहिल्याच वर्षी आम्ही मोठ्या हौसेने एक पुस्तिका छापली. कलमे अचूक होती, भाषा शुद्ध होती, कागदही चांगला होता. वस्त्यावस्त्यांतून ती वाटली आणि लोकशिक्षणाचे कार्य पार पडले असे समजून आम्ही आपल्या कोर्टाच्या कामास लागलो.

पुढे तीन वर्षांनी एक भगिनी माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान इमारतीच्या कामावर परांचीवरून पडून मृत्यू पावले होते. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या कायद्याप्रमाणे नुकसानभरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावयास हवा होता. ती मुदत केव्हाच टळली होती. बाईंनी पिशवीतून आमचीच पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेविली. त्या म्हणाल्या, "साहेब, पुस्तक घरात होतं. पोरीनं वाचूनही दाखवलं. पण ‘विहित मुदतीत’ म्हणजे किती दिवसांत, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं."

विलंब माफ व्हावा म्हणून आम्ही अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. परंतु तोवर सोबतचे मजूर गावोगाव पांगले होते, हजेरीचा एकही कागद हाती नव्हता, आणि मयत इसम आपल्याकडे कामास नव्हताच, असे ठेकेदाराने शपथेवर सांगितले. दावा फेटाळला गेला. ‘विहित मुदतीत’ हे दोन शब्द त्या पुस्तिकेत मी लिहिले होते. ‘अपघात झाल्यापासून दोन वर्षांच्या आत’ असे लिहावयास मला शाईचे चार थेंब अधिक लागले असते.

बंधुभगिनींनो, कायद्याचे अज्ञान ही सबब कोर्टात चालत नाही, हे तत्त्व आपण सर्वांनी ऐकले आहे. ते योग्य असेल. परंतु कायदा माहीत असलाच पाहिजे असे जो सांगतो, त्याने तो माहीत करून देण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. हे केवळ माझे मत आहे असे समजू नका. १९८६ साली सुक दास या अरुणाचल प्रदेशातील इसमाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ऐपत नसल्यामुळे त्याला वकील देता आला नव्हता आणि वकिलावाचूनच त्याला शिक्षा झाली होती. त्याने सरकारी खर्चाने वकील मागितलाच नव्हता, असे सांगण्यात आले. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ते मानले नाही. ज्याला आपला हक्क ठाऊकच नाही, तो तो मागणार कसा, असा त्या निकालाचा आशय आहे. ती शिक्षा रद्द झाली, आणि विधिसाक्षरतेचा प्रसार हा विधिसाहाय्याच्या चळवळीचा एक मुख्य भाग आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने स्पष्ट केले.

याहून जवळचे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपणांस मारहाण झाल्याचे सांगितले. शीलाबाईंनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले आणि त्या पत्राचीच याचिका झाली. १९८३ च्या निकालात न्यायालयाने अनेक आदेश दिले. त्यांतील एक मला आमच्या कामाचा पायाच वाटतो. अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांत छापावे. ते प्रत्येक कोठडीत लावावे. आणि आणलेल्या व्यक्तीला समजेल त्या भाषेत ते वाचून दाखवावे, असा तो आदेश. नुसते भिंतीवर लावून भागत नाही, हे न्यायमूर्तींना कळले होते. पुस्तिका वाटून स्वस्थ बसलेल्या आम्हा वकिलांना मात्र ते कळावयास एका विधवेचा दावा बुडावा लागला.

आपणांपैकी कोणी विचारील की, सरकारची विधिसेवा असताना धर्मादाय संस्थेची गरज काय? प्रश्न रास्त आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले आणि गरिबांस मोफत विधिसाहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यासाठीचा कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. आज राष्ट्रीय प्राधिकरणापासून तालुका समितीपर्यंत त्याची यंत्रणा उभी आहे आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही आहे. परंतु कचेरी कोर्टाच्या आवारात असते आणि गरजवंत वस्तीत असतो. त्या दोहोंमधील वाट कोणीतरी पायी चालून दाखवावी लागते. आमच्यासारख्या संस्थांचे काम तेवढेच आहे.

त्या कायद्याचे बारावे कलम आपण नीट ध्यानात घ्यावे. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, कामगार, अपंग आणि अटकेत असलेली माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही त्यात येतो. "तुम्ही धर्म बदललात, आता तुम्हांला काही मिळणार नाही," असे सांगून आपल्या माणसांना परत पाठविल्याचे मी माझ्या वकिलीत पाहिले आहे. हे सांगणे चूक आहे. १९५० च्या आदेशामुळे केंद्राच्या दृष्टीने बौद्धांस अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नव्हता, ही गोष्ट खरी. परंतु १९९० साली तो आदेश दुरुस्त झाला आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस तो दर्जा मिळाला. ही माहिती घरात असली, तर खिडकीवरचा माणूस आपणांस परत पाठवू शकणार नाही. तसेच, विधिसेवा समितीने नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून फी मागणे नियमबाह्य आहे. कोणी मागितल्यास समितीकडे लेखी तक्रार करावी.

पुस्तिकेची चूक कळल्यावर आम्ही रीत बदलली. आता आम्ही कलमे पाठ करून घेत नाही. काम करवून घेतो. गेल्या सहा रविवारी आपण तेच केले. एकाने ठाणे अंमलदार व्हावे, एकीने फिर्याद घेऊन जावे. "साहेब नाहीत, उद्या या," असे अंमलदाराने म्हटल्यावर काय करावयाचे, याची तालीम आपण केली. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या एका आजींनी अंमलदाराची भूमिका इतकी हुबेहूब वठविली की, सगळा वर्ग हसला. पण त्या हशानंतर जे प्रश्न आले, ते माझ्या कॉलेजातील वर्गातही मी ऐकले नव्हते.

त्या तालमीतून चार गोष्टी आपण शिकलो, त्या पुन्हा सांगतो. पहिली : वाचून घेतल्यावाचून अंगठा वा सही नाही, आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. दुसरी : तोंडी विनंती करू नये, लेखी अर्ज द्यावा, त्याची नक्कल ठेवावी आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्यावी. तिसरी : दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविल्यावर तिची प्रत विनामूल्य मिळते. नोंद करण्यास नकार मिळाल्यास तोच मजकूर लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा; तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. १ जुलै २०२४ पासून फौजदारीचे नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले; परंतु ही वाट कायम आहे. चौथी : प्रत्येक हक्काला मुदत असते, म्हणून पहिला प्रश्न "किती दिवसांत?" हाच विचारावा.

कागदावरच्या हक्काचे मोल काय असते, हे आपल्याच इतिहासाने दाखविले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले. ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे माणसे चालत गेली, तेव्हा त्या ठरावाला पाणी लागले. त्यावर विरोधकांनी तळे खाजगी असल्याचा दावा लाविला, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत तो लढा कोर्टात पुराव्यानिशी लढवावा लागला. चालणारे पाय आणि जपलेले कागद, दोन्ही लागली. एक असून दुसरे नसते, तर तो लढा अर्धाच राहिला असता.

एक इशाराही देणे माझे कर्तव्य आहे. कायद्याचे ज्ञान शेजाऱ्याशी भांडण काढण्यासाठी नाही. खोटी फिर्याद करणारा पुढच्या खऱ्या फिर्यादीची वाट अडवितो. कायदा सर्व दुःखांवर औषध आहे असेही मी म्हणत नाही. ज्या भगिनींची हकिकत मी सांगितली, त्यांना आम्ही काहीही मिळवून देऊ शकलो नाही. मात्र त्यांची ती मुलगी आज आमच्या वर्गात वाचन करिते. नवी पुस्तिका छापखान्यात जाण्यापूर्वी ती आईला वाचून दाखविते. ज्या शब्दावर आई थांबविते, तो शब्द आम्ही काढून टाकतो.

आपणांकडे माझे एवढेच मागणे आहे. आज घरी गेल्यावर एक पिशवी करा. तीत जन्माचे व जातीचे दाखले, घराची पावती, मजुरीचा कागद, दिलेल्या अर्जांच्या नकला असे सारे एकत्र ठेवा. महिन्यातून एका संध्याकाळी ती उघडा आणि घरातील शिकत्या मुलाने प्रत्येक कागद सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याचा अर्थ लागणार नाही, तो कागद आमच्याकडे घेऊन या. तो समजावून देताना आम्ही कंटाळलो, तर तीही आमची चूक समजून आम्हांस तोंडावर सांगा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम.