कामासाठी लिनक्स निवडताना
(वसतिगृहातील संगणक प्रशिक्षणवर्गाच्या मुलामुलींसमोर केलेले भाषण)



वर्ग संपत आला की एक प्रश्न हमखास येतो: ‘दादा, लिनक्स शिकलो, पण आता नोकरीसाठी कोणती टाकू?’ आज तेवढ्यावरच बोलतो.

आपल्या वर्गातली बरीच यंत्रं देणगीतून आलेली, जुनी आहेत. विंडोज १० ची नेहमीची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि यातल्या कित्येकांवर विंडोज ११ चढत नाही. लिनक्सवर ती अजून काही वर्षं काम देतील. पण फुकट आहे म्हणून घ्या, असं मी म्हणणार नाही. म्हैस फुकट मिळाली तरी चारा, पाणी, डॉक्टर आलेच. इथं चारा म्हणजे सुरक्षेची अपडेट्स. ती किती वर्षं मिळणार, हे आधी पाहा. रंगरूप मागाहून.

उबुंटूची एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलात येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. २०२४ ची आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल. १९९३ साली सुरू झालेली डेबियन तर उबुंटूचं मूळ. ती संथ आहे, पण भरवशाची. फेडोरा मला स्वतःला फार आवडते, नवीन गोष्टी तिथं लवकर येतात. मात्र तिची एक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते. ज्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथं दरवर्षी सगळी प्रणाली बदलत बसणं परवडणारं नाही.

ज्यांना कंपनीत सर्व्हर सांभाळायचे आहेत, त्यांनी रेड हॅटच्या घराण्याची ओळख करून घ्यावी. या घराण्यातली सेंटओएस पुष्कळ जण मोफत वापरत. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल अशी अपेक्षा होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती २०२१ अखेर बंद होणार. लोकांची धावपळ उडाली. पण मूळ कोड खुला होता, म्हणून इतरांनी तो घेऊन २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभ्या केल्या. मालकाचं मन बदललं तरी काम अडलं नाही. खुल्या परवान्याचा अर्थ मुलांना समजावताना मी हेच उदाहरण देतो. सराव करायचा तर या दोघींपैकी कोणतीही चालेल. आज्ञा जवळपास त्याच.

आता अडचणीही ऐका. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. हिशेबनिशीची नोकरी हवी असेल तर विंडोज सोडू नका. एकाच यंत्रात दोन्ही ठेवता येतात. गावच्या दुकानातला प्रिंटर चालतो का, तेही आधी बघा. आणि जुन्या मराठी फॉन्टांतल्या फायली उघडल्या की अक्षरांचा चिवडा दिसतो. दोष लिनक्सचा नाही, त्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. तुम्ही सुरुवातीपासून युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलकच वापरा.

शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत मोठा: अडलात तर विचारणार कोणाला? तालुक्याला जो मुलगा उबुंटू वापरतो, तो असताना तुम्ही एकट्यानं वेगळी प्रणाली घेऊ नका. चौघांनी एकच घ्या.

ठरवण्याआधी करून पाहा. प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालू होते, यंत्रातलं काही न पुसता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी उमटतं का, सगळं तपासा. उबुंटूची फाईल पाच-सहा जीबीची आहे, प्रत्येकानं उतरवण्याची गरज नाही. एकानं उतरवून बाकीच्यांना द्यावी. परवाना तशी मोकळीक देतो, ती चोरी नव्हे.

तयार केलेले चार पेनड्राइव्ह ऑफिसात ठेवले आहेत. वहीत नाव लिहून घेऊन जा, आणि सोमवारी परत आणा. मागच्या खेपेचे दोन अजून यायचे आहेत.