घरचा संघ सोडताना

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



माझी ओळख करून देताना आत्ता 'आपल्या शाळेचा नावाजलेला कबड्डीपटू' असं म्हटलं गेलं. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढताना मी कठडा कसा धरला, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा 'नावाजलेला' हा शब्द आपण सोडून देऊ.

'खेळाने मला काय दिलं' यावर दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलं होतं. ते बोलणं सोपं आहे. शिस्त, संघभावना, खिलाडूवृत्ती... दर २६ जानेवारीला ऐकलेलं सगळं पाठ आहे. पण पी.टी.चे सर समोरच बसलेत. शब्द चुकला तर आजही उभं करतील. म्हणून मी विषय थोडा बदलून घेतोय.

खेळाडूचं वय झालं की एक दिवस त्याच्यासमोर एक प्रश्न येतो. ज्या संघात वाढलो तिथेच शेवटपर्यंत राहायचं, की विजेतेपदाची शक्यता जिथे आहे तिथे जायचं? माझ्यासमोर हा प्रश्न २००१ साली आला. मी काय केलं, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. ते कसं केलं, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आधी मोठ्या खेळाडूंचं सांगतो, म्हणजे मला जरा धीर येईल.

२०२५ साली, २ नोव्हेंबरच्या रात्री, आपल्यातले बहुतेक जण टीव्हीसमोर होते. नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाचा प्रशिक्षक अमोल मुजुमदार. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि विनोद कांबळीने शारदाश्रमसाठी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट बघत बसलेला मुलगा तो हाच. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या, २००६-०७ साली कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. भारताकडून मात्र एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आणि २००९ साली त्याने मुंबई सोडली. आधी आसामकडून खेळला, मग आंध्रकडून. मुंबईचा माणूस आसामला गेला, तेव्हा करंडकाच्या मागे गेला असं कुणीच म्हणणार नाही. त्याला खेळायचं होतं, आणि घरी आता जागा उरली नव्हती.

दुसरा वसीम जाफर. मुंबईकडून त्याने आठ वेळा रणजी करंडक जिंकला होता, त्यात कर्णधार म्हणूनही. २०१५ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो विदर्भाकडे गेला. रणजीत याची रीतसर सोय आहे. आपल्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचं आणि दुसऱ्या राज्याकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून उतरायचं. विदर्भाने सहा दशकांत एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला विदर्भाने दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला, आणि विजयी फटका जाफरच्या बॅटमधून निघाला. पुढच्या वर्षी चाळीस ओलांडलेल्या या माणसाने हंगामात हजारावर धावा काढल्या आणि विदर्भ पुन्हा जिंकला. आता सांगा, हा माणूस विजेतेपदाच्या मागे गेला, की विजेतेपद त्याच्या मागून नागपूरला आलं? जिंकणाऱ्यांचं घर सोडून, ज्यांनी कधी जिंकलं नव्हतं त्यांच्याकडे तो गेला होता. स्वतःजवळचं काहीतरी घेऊन गेला होता.

आता न गेलेल्या माणसाचं सांगतो. बंगालचा मनोज तिवारी. बंगालने शेवटचा रणजी करंडक जिंकला तो १९८९-९० साली. २००६-०७ च्या अंतिम सामन्यात मुजुमदारच्या मुंबईविरुद्ध हरलेल्या बंगालमध्ये तिवारी होता. २०१९-२० ला अंतिम फेरीत पुन्हा हरले. २०२२-२३ ला तर तो स्वतः कर्णधार, मैदान ईडन गार्डन्स, आपलं घर, आणि तिथेही सौराष्ट्राकडून हरले. त्याने निवृत्ती जाहीर केली, आणि आठवडा उलटायच्या आत ती मागे घेतली, बंगालसाठी आणखी एक हंगाम खेळायचा म्हणून. २०२४ च्या फेब्रुवारीत तो ईडनवरच थांबला. दहा हजारांवर धावा, पण रणजी करंडक नाही. दुसऱ्या राज्याकडे त्याला मागणी आली नसती का? पण तो राहिला.

यातलं बरोबर कोण? मी बरीच वर्षं यावर डोकं चालवलंय आणि मला वाटतं तिघेही बरोबर आहेत. निष्ठा हा शब्द फार सोपा करून ठेवलाय आपण. जो राहिला तो निष्ठावान आणि जो गेला तो गद्दार, असं गावच्या पारावर ठरतं. पण पारावरच्या माणसाचा गुडघा दुखत नसतो. तिशी उलटलेल्या खेळाडूला सकाळी उठल्यावर आधी टाच टेकवून बघावी लागते, आज चालेल का म्हणून. त्याच्याकडे हंगाम दोन नाहीतर तीन उरलेले असतात. संघही काही दर वेळी निष्ठा पाळत नाही. गरज संपली की पाणी देणाऱ्यांच्या बाकावर बसवतो आणि पुढच्या वर्षी यादीतून नाव गाळतो. त्याला कुणी गद्दारी म्हणत नाही, निवड समितीचा निर्णय म्हणतात.

आता माझं सांगतो.

मारुतीच्या देवळामागचं आपलं मंडळ तुम्हाला आठवत असेल. माती चाळून, पाणी मारून मैदान तयार करायचं आणि फक्कीने रेषा आखायच्या, हे काम आठवीपासून आम्ही दोघं करायचो, मी आणि आपला कॅप्टन. मी डावा कोपरा, तो उजवा. चढाई करणारा माझ्याकडे वळला की पलीकडून तो कसा येणार, हे मला न बघता कळायचं. शाळा संपली, नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पण शनिवार-रविवारचा सराव चुकला नाही. जिल्ह्याच्या अंतिम फेरीत आम्ही तीनदा गेलो आणि तीनदा हरलो. तिसऱ्या वेळी शेवटच्या चढाईत माझ्या हातात पट आला होता आणि सुटला. एका गुणाने गेलो. परतीच्या टेम्पोत कॅप्टन मला एवढंच म्हणाला, "पुढच्या वर्षी."

ते पुढचं वर्ष म्हणजे २००१. मी बत्तीस वर्षांचा होतो. दिवाळीच्या आधी शहरातल्या एका मोठ्या संघाकडून निरोप आला. त्यांचा डावा कोपरा जायबंदी होता, राज्य पातळीवरच्या स्पर्धेत जिंकायची त्यांना खात्री होती. पैसे नव्हते, येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण. मी रात्रभर जागा होतो. सकाळी हो म्हणून टाकलं.

जाणं चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. चूक पुढे झाली. मंडळाची ना हरकत लागत होती. कॅप्टन दुपारी कामावर असतो हे मला माहीत होतं. मी दुपारीच सेक्रेटरींच्या घरी गेलो, सही घेतली आणि म्हटलं, "त्याला मी सांगतो." सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, करत राहिलो. त्या शनिवारी त्याने नेहमीसारखं मैदान आखलं आणि माझी वाट बघितली. पुढच्या शनिवारीही. त्याला कळलं ते स्पर्धेच्या नोंदणीच्या दिवशी, दुसऱ्या संघाच्या यादीत माझं नाव मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा.

आम्ही जिंकलो. अंतिम सामन्यात मी उत्तरार्धात आठेक मिनिटं खेळलो, एक पकड केली. फोटोत मी अगदी कडेला आहे. प्रत्येकाला एक छोटा चषक मिळाला. रात्रीच्या एसटीने पहाटे पाचला स्टँडवर उतरलो. चषक टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला होता. स्टँडवरून माझ्या घरी जायचा रस्ता देवळामागून जातो. मी त्या रस्त्याने गेलो नाही. ओढ्याच्या कडेने वळसा घालून घरी गेलो. बारा वर्षं ज्याच्यासाठी मातीत लोळलो तो चषक हातात, आणि मी चोरासारखा.

आपल्या वर्गातला एक मित्र बोस्टनला असतो. दहा वर्षांपूर्वी त्याने मला तिथल्या आईस हॉकीतला एक किस्सा सांगितला, तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. रे बोर्क नावाचा खेळाडू. १९७९ पासून बोस्टनच्या ब्रुइन्स संघाकडून खेळला, वीस वर्षांवर, बरीच वर्षं त्यांचा कप्तान. तिथला सर्वांत मोठा चषक म्हणजे स्टॅन्ली कप. दोनदा अंतिम फेरीत जाऊन हरला. २००० साली त्याने संघाला उघडपणे सांगितलं, मला जिंकण्याची संधी असेल अशा संघाकडे पाठवा. तो कोलोराडोला गेला आणि २००१ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, जिंकला. पहिल्यांदा कप उचलायचा मान कप्तानाचा. पण कोलोराडोच्या कप्तानाने, जो साकिकने, कप हातात घेतला आणि स्वतः न उंचावता बोर्कला दिला. इथवर ठीक आहे. पुढचं ऐका. काही दिवसांनी बोर्क तो कप घेऊन बोस्टनला आला. दुसऱ्या संघाकडून जिंकलेला कप! आणि बोस्टनचे हजारो लोक चौकात जमले, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला.

तोही गेला आणि मीही गेलो. तो विचारून गेला, म्हणून कप घेऊन मधल्या चौकातून आला. मी न सांगता गेलो, म्हणून ओढ्याकडून आलो.

मी गेल्यावर डाव्या कोपऱ्यावर कॅप्टनने दहावीतला एक मुलगा उभा केला. तो पुढे जिल्ह्याकडून खेळला. मी गेलो म्हणून त्याला जागा मिळाली, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत होतो. त्यात थोडं खरं असेलही. म्हातारे खेळाडू जागा अडवून बसतात, हे खरंच आहे. पण तो मुलगा घडला तो कॅप्टनने घडवला म्हणून. मी सांगून गेलो असतो, तर जाण्याआधी महिनाभर त्याला शेजारी उभं करून पाय कधी टाकायचा ते दाखवलं असतं. ते माझ्याकडून राहिलं.

चंद्रकांत पंडित हे नाव तुम्हाला माहीत आहे. मुंबईचा यष्टिरक्षक. तो व्यावसायिक खेळाडू म्हणून मध्य प्रदेशाकडे गेला आणि १९९८-९९ ला कर्णधार म्हणून बंगळूरला रणजीचा अंतिम सामना कर्नाटकाविरुद्ध हरला. खेळणं संपलं. मग प्रशिक्षक झाला. मुंबईला जिंकून दिलं, विदर्भाच्या दोन्ही विजयांच्या वेळीही तोच प्रशिक्षक. आणि २०२२ च्या जूनमध्ये, त्याच बंगळूरच्या मैदानावर, त्याच मध्य प्रदेशाला त्याने पहिला रणजी करंडक मिळवून दिला. हरवलं कुणाला? मुंबईला. त्या दिवशी तो मैदानावर रडला. तेवीस वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेलं देणं होतं ते.

पंडितचं हे वाचलं तेव्हा मी हिशेब केला. मी खेळून फेडू शकत नाही, गुडघा तुम्ही पाहिलाच. पण डावा कोपरा कसा उभा राहतो, हे मला अजून सांगता येतं.

मंडळाची मुलं आता मॅटवर खेळतात, मुलींचाही संघ आहे. कॅप्टन अजूनही रविवारी सकाळी तिथे असतो. तो आत्ता तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसलाय. चोवीस वर्षांत आम्ही लग्नकार्यात भेटलो, नमस्कार-चमत्कार केला. त्याने मला एकदाही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आज तुम्हा सगळ्यांना साक्षीला ठेवलंय ते एवढ्यासाठी, की आता मला ओढ्याकडून पळता येणार नाही.

कॅप्टन, २००१ साली जे तुला विचारायला हवं होतं, ते विचारायला फार उशीर झाला. त्याबद्दल मला माफ कर. आता दुसरं विचारतो. येत्या रविवारी सकाळी सहाला मैदानावर आलो तर चालेल का? चाळणी, पाण्याची झारी आता लागत नाही म्हणतात. मग मुलांच्या शेजारी नुसता उभा राहीन. तू सांगशील त्या कोपऱ्यात.

सर, दहा मिनिटांपेक्षा जास्त झालं. खाली बसतो.